सहा नाही, पाच

शिगवणकाका आमच्या सेंटरमध्ये व्हीलचेअरवरून आले आणि आल्या आल्या त्यांनी खुर्चीचा ब्रेक तपासला. वॉर्डातल्या मामांनी तो लावलेलाच होता. काकांनी डाव्या हाताने तो सोडला, पुन्हा लावला, चाक हलतंय का बघितलं आणि मगच मान वर केली. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला होता.

मी म्हटलं, "नमस्कार काका, मी तुमची फिजिओथेरपिस्ट."

"कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. शेवटी मी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, परत फोटो बघितला. मग "बरं" म्हणाले.

स्ट्रोकमुळे त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही अडकायचं. एकेक शब्द शोधून आणावा लागे, मध्येच तो हरवला की ते चिडून गप्प बसत. 'कोण म्हणतं' हे दोन शब्द मात्र कधी अडकले नाहीत. मेंदूला मार बसला तरी आयुष्यभर तोंडात बसलेली वाक्यं पुष्कळदा शाबूत राहतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कुणाची शिवी राहते, कुणाचं देवाचं नाव. काकांचं हे राहिलं होतं.

त्यांचा मुलगा नितीन म्हणाला, "मॅडम, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. बाबा वीज मंडळात मीटर तपासायला होते. सगळी नोकरी लोकांच्या घरात शिरून कोण फसवतंय ते बघण्यात गेली."

काका मूळचे गुहागरकडचे. तुळिंजला एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचे, लिफ्ट नाही. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली. नितीन आणि सून स्वाती दोघंही नोकरीला मुंबईला जात. सकाळी निघाले की रात्रीच परत. एका सकाळी काकांच्या हातातला कप खाली पडला, आणि तो उचलायला हात पुढे होईना. आठवडाभर हॉस्पिटलात काढून ते आमच्याकडे आले.

आमचं सेंटर विरार पश्चिमेला होतं. पेशंटने चार ते सहा आठवडे तिथेच राहायचं, रोज तीन तास व्यायाम करायचा आणि जमेल तितकं अंगात घेऊन घरी जायचं. चालणं, अंघोळ, कपडे, जिना, अशा प्रत्येक गोष्टीला आम्ही एक ते सात गुण द्यायचो. सात म्हणजे पूर्वीसारखं. सहा म्हणजे काठी किंवा दांडा धरून, पण आपलं आपण. पाच म्हणजे शेजारी कुणीतरी उभं हवं. त्याखाली प्रत्यक्ष हात द्यावा लागतो. हे काकांना मी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिहितं... कोण?"

"मीच."

"आणि... शिकवतं?"

"तेही मीच."

ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्याचा अर्थ मला कळायला बरेच आठवडे लागले.

त्यांच्या संशयातून कुणी सुटत नसे. गोळी हातात आली की पाकीट उलटं करून तारीख वाचत. दूध आलं की आधी वास. व्यायामाच्या हॉलमधलं घड्याळ आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ यांत फरक होता. एकदा मी "झालं काका, आजची वेळ संपली" म्हटलं, तर त्यांनी मनगट माझ्या तोंडासमोर धरलं. "तीन मिनिटं." मी तीन मिनिटं जास्त करून घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं. तिसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ नीट लावलं.

त्यांच्या शेजारच्या पलंगावर आंतोनकाका होते, सांडोरचे. केळीची वाडी, थोडी भाजी, चर्चचा सण आला की मांडव घालायला पुढे. त्यांची डावी बाजू गेली होती, पण बोलणं चांगलं होतं आणि स्वभाव हसतमुख. त्यांची प्रगती इतकी झपाट्याने होत होती की आम्हालाच कौतुक वाटायचं. शिगवणकाकांना वेगळंच वाटलं. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आंतोनकाकांकडे डोळ्याने खूण करून म्हणाले, "हा... तुमचा."

"आमचा म्हणजे?"

"तुमचा... माणूस. ठेवलेला."

आम्ही पेशंटना उत्साह यावा म्हणून एक खोटा पेशंट ठेवलाय, तो मुद्दाम भराभर बरा होऊन दाखवतो, असा त्यांचा तर्क होता. मी समजावून दमले. शेवटी काकांनी स्वतःच सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. चार वाजता आंतोनकाका खिडकीशी बसले होते, तिथे आपली खुर्ची नेऊन लावायला लावली आणि त्यांचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेऊन उलटासुलटा केला. तळव्यावर कोयत्याचे घट्टे होते, नखांच्या कडांना केळीच्या चिकाचे काळे डाग होते.

आंतोनकाका म्हणाले, "शिगवण, मी काय सोंग घेऊन आलोय? असं सोंग कोण घेईल?"

शिगवणकाकांनी हात सोडला. "खरा आहे," मला म्हणाले.

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. आंतोनकाकांची बायको सेसिल वाडीतली केळी घेऊन यायची. एकाचा डावा हात चालायचा, दुसऱ्याचा उजवा. शिगवणकाका केळं धरत आणि आंतोनकाका सोलत. पहिला घास मात्र आंतोनकाकांनी खायचा, मग थोडं थांबून शिगवणकाकांनी. सेसिलला याचं फार हसू यायचं.

आंतोनकाका घरी गेले त्या दिवशी आम्ही सगळे हॉलमध्ये जमलो. ते काठी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, व्यायामाच्या चार पायऱ्या चढले आणि उतरले. टाळ्या झाल्या, भिंतीवर लावायला फोटो काढला. चालण्याला सहा, अंघोळीला सहा, जिन्याला सहा. शिगवणकाका एरवी कुणी घरी जाताना टेबलावर हात आपटून टाळी द्यायचे. त्या दिवशी त्यांनी दिली नाही. ते त्या चार पायऱ्यांकडे बघत होते. लाकडी, बुटक्या, खरखरीत रबर लावलेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडे.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "आंतोन?"

"छान आहेत काका. आपल्या ऑफिसातून फोन केला होता."

"कोण म्हणतं?"

मी वही आणून दाखवली. आंतोनकाकांच्या नावापुढे 'ठीक' लिहिलं होतं. काकांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "स्वतः... बघितलं?"

मी नाही म्हटलं. त्यांनी उशीखालून मोबाईल काढला आणि माझ्यासमोरच सेसिलला लावला. स्पीकरवर तिचा आवाज आला, "बरे आहेत हो, बरे आहेत. जेवतात, झोपतात. तुमची आठवण काढतात." फोन ठेवून काका म्हणाले, "खोटं."

"असं कसं म्हणता?"

"तो... फोनवर... आला नाही."

आंतोनकाका म्हणजे कुणाचाही फोन आला की बायकोच्या हातातून ओढून घेणारा माणूस. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून शिगवणकाकांनी व्यायाम बंद केला. "जा... बघ," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. तिसऱ्या दिवशी मी कबूल केलं आणि रविवारी सांडोरला गेले.

घर वाडीच्या आत होतं, बाजूला बावखल, म्हणजे पाण्याचं जुनं तळं, आणि सगळीकडे केळी. आंतोनकाका ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मला बघून हसले, पण उठले नाहीत. ओट्याला तीन पायऱ्या होत्या, दगडी, गुडघ्याएवढ्या उंच. धरायला काही नाही. न्हाणीघर घराच्या मागे आणि तिथवर जायला ओल्या जमिनीत मांडलेले शेवाळलेले दगड.

"पहिल्याच दिवशी उतरायला गेलो, बाय," ते म्हणाले. "तिसऱ्या पायरीवर पाय घसरला. लागलं काही नाही. पण नंतर धीर होईना. तुमच्याकडे सगळं सपाट आहे. इथे एक जागा सपाट नाही."

"मग फोनवर बरं आहे म्हणून का सांगितलंत?"

"तुम्ही इतकं केलंत. फोटो काढला. आता वाईट काय सांगायचं?"

सेसिल आतून कागद घेऊन आली. घरी जाताना आम्ही दिलेला अहवाल तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. तिने विचारलं, "हे जिन्यापुढे सहा लिहिलंय, ते काय गं?"

मी म्हटलं, "कुणाच्याही मदतीशिवाय."

तिने नवऱ्याकडे बघितलं, मग ओट्याच्या पायऱ्यांकडे. चहा टाकते म्हणाली आणि आत गेली.

त्या सहाबद्दल सांगायला हवं. मी आधी पाच लिहिलं होतं. आमच्या प्रमुख डॉक्टर, आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो, त्या वाईट नव्हत्या. पेशंटसाठी धडपडणाऱ्या होत्या. त्यांनी अहवाल बघितला आणि म्हणाल्या, "अगं, इतका चांगला पेशंट, पाच काय देतेस? घरी गेल्यावर होईलच. सहा कर." मी पाचाचा सहा केला. आकडे इंग्रजीत असत, पेनाची एक गोलाई वाढवायची, दुसरं काही करावं लागलं नाही. मला तेव्हा त्यात वावगं वाटलं नव्हतं. सेसिल चहा घेऊन येईपर्यंत मी त्या कागदाकडे बघायचं टाळलं.

सोमवारी मी शिगवणकाकांना सगळं सांगितलं. गोलाईसकट. ते विजयी मुद्रेने बघतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे खाली केले आणि बराच वेळ आपल्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने सरळ करत बसले. मग म्हणाले, "चल. व्यायाम."

त्यानंतर त्यांनी जीव तोडून व्यायाम केला. मला मात्र स्वतःवरच पाळत ठेवल्यासारखं वाटू लागलं. आकडा लिहिताना मी दोनदा थांबायचे. हा पेशंट चांगला वागतो म्हणून तर जास्त देत नाही ना? मॅडमना आवडेल म्हणून? माझंच शिकवणं चांगलं दिसावं म्हणून? जुने अहवाल काढून मी वाचत बसले, आणि त्यांतले कितीतरी सहा मला ओळखीचे वाटेनात.

काकांचा घरी जायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मॅडमच्या खोलीत बैठक होती. नितीन आणि स्वाती दोघंही रजा काढून आले होते. काका खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. मॅडमनी वाचून दाखवलं. हात फारसा सुधारला नाही, बोलणं बरं झालंय, चालणं सहा, जिना सहा. आकडे माझेच होते. हॉलमधल्या पायऱ्या ते खरंच आपले आपण चढत-उतरत होते, त्यामुळे या वेळी माझ्या मनात शंका नव्हती.

नितीनने सुटकेचा निःश्वास सोडला. "म्हणजे दिवसभर एकटे राहू शकतील ना? खाली उतरून थोडं फिरलेही तरी चालेल?"

"हो, हळूहळू," मॅडम म्हणाल्या.

"नाही," काका म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"सहा नाही. पाच."

मॅडम हसून म्हणाल्या, "काका, लोक इथे मार्क वाढवून मागतात."

काकांनी काठी टेकली आणि उठले. खोलीबाहेर पडून ते लिफ्टकडे न जाता उलट्या दिशेला, कामगार वापरतात त्या मागच्या जिन्याकडे चालायला लागले. आम्ही चौघं त्यांच्यामागे. अरुंद, काळपट जिना. एका बाजूला लोखंडी कठडा, दुसऱ्या बाजूला कोरी भिंत. तुळिंजच्या बहुतेक बिल्डिंगमध्ये असतो तसाच. त्यांनी काठी स्वातीकडे दिली, कठडा डाव्या हाताने धरला आणि चढू लागले. हळू, पण व्यवस्थित. बारा पायऱ्या चढून वरच्या वळणावर पोचले.

मग ते आमच्याकडे तोंड करून वळले, आणि मला कळलं. चढताना डावीकडे असलेला कठडा उतरताना उजवीकडे आला होता, त्यांच्या न चालणाऱ्या हाताकडे. डावा हात भिंतीवरून फिरत होता. तिथे धरायला काही नव्हतं. ते पहिल्या पायरीच्या काठाशी उभे होते, आणि त्यांचा गुडघा थरथरायला लागलेला मला खालून दिसला.

मी धावत वर गेले. त्यांच्या पुढे उलटी उभी राहिले, कमरेचा पट्टा धरला, आणि एकेक पायरी करत आम्ही खाली आलो. त्यांचं बरंचसं वजन माझ्या हातावर होतं. खाली पोचल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "पाच?"

मी म्हटलं, "चार, काका."

त्यांनी मान हलवली. मीटरवरचा आकडा वहीतल्या आकड्याशी जुळल्यावर ते कदाचित अशीच हलवत असतील.

पण त्यांचं संपलं नव्हतं. ते नितीनकडे वळले. "तू... सांगितलंस? सहा... लिहा म्हणून?"

नितीनचा चेहरा उतरला. "मी काय सांगणार, बाबा? मला सहा म्हणजे काय ते आत्ता आत कळलं." त्याचा आवाज फुटला. "तुम्हाला खरंच वाटतं मी तुम्हाला टाकून जायला बघतोय?"

काका उत्तर शोधत राहिले. शब्द सापडत नव्हता की बोलायचं नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. गेल्या काही आठवड्यांत त्यांचे संशय खरे ठरत गेले होते. हा एक चुकला होता, आणि तो सर्वांत जास्त लागला होता. तेव्हा स्वाती भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, आमच्या जिन्यात या बाजूलाही दांडा लावून घेतला तर?"

काका आणखी दहा दिवस राहिले. मॅडमनी अहवालातले दोन्ही आकडे स्वतः खोडले, घराबाहेरच्या चालण्याला पाच आणि जिन्याला चार लिहिलं, खाली सही केली. मी त्यांच्याकडून जिना उतरणं मागच्या जिन्यावरच करून घेतलं. स्वातीने सोसायटीच्या लोकांशी वाद घालून दांडा बसवला आणि मोबाईलवर फोटो आणून दाखवला. काका म्हणाले, "हा... कुठला जिना?" ती दुसऱ्या दिवशी नवा फोटो घेऊन आली. त्यात दांडा होता, वर त्यांच्याच दारावरची नावाची पाटी होती, आणि दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळलेला नितीन होता. काकांनी फोटो मोठा करून दांड्याचे स्क्रू मोजले. मग पुष्कळ दिवसांनी, एका बाजूनेच, हसले.

ते घरी गेल्यावर मी दोनदा तुळिंजला जाऊन आले. सकाळी दोन तास शेजारच्या एक बाई येऊन बसत, दुपारी स्वाती फोन करी. काका त्या बाईंनी केलेल्या चहाचाही आधी वास घ्यायचे. उतरताना डावा हात भिंतीकडच्या दांड्यावर, आणि एक पायरी खाली कुणीतरी, असा नियम त्यांनीच घातला होता. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. मी काही सांगितलं की ते ऐकून घेत आणि मग करून बघत, इतकंच. आंतोनकाकांच्या ओट्याच्या पायऱ्यांमध्ये विटा घालून त्या बुटक्या केल्या, पाइपचा कठडा लावला. ते सेसिलचा हात धरून उतरतात, वाडीत खुर्ची टाकून बसतात. केळीचा घड मात्र आता दुसरेच कापतात. याहून जास्त झालं नाही.

आमच्या अहवालात मॅडमनी एक नवी ओळ घातली होती, पेशंटचं घर प्रत्यक्ष पाहिलं का, अशी. काही महिने आम्ही जात होतो. मग आमच्यातल्या दोघीजणी नोकरी सोडून गेल्या, माणसं कमी पडली आणि त्या ओळीपुढे आपोआप 'हो' लिहिलं जाऊ लागलं. मीही नंतर तिथून बाहेर पडले. आता मी घरोघरीच जाते.

मागच्या हिवाळ्यात मनवेलपाड्यातल्या एका पेशंटकडून निघून मी तुळिंजला काही खरेदीला उतरले होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. रस्त्यापलीकडे शिगवणकाका दिसले. काठी घेऊन एकटे चालत होते, उजवा पाय अजून थोडा बाहेरून फिरत होता. खाली एकटे उतरले की कुणी सोडून गेलं, मला कळायला मार्ग नव्हता. हाक मारावीशी वाटली. पण मी बघतेय हे कळलं तर ते नीट चालतील, म्हणून मी भाजीच्या गाडीआड उभी राहिले.

ते एका सलूनपाशी थांबले. उंबरा चढायला त्यांना वेळ लागला. कुणी हात दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही. खुर्चीत बसल्यावर त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि खुर्चीच्या हातावर नीट ठेवला. न्हाव्याने त्यांच्या गळ्याला कापड बांधलं, साबण लावला. मग काही न विचारताच त्याने खिशातून ब्लेडचं नवं पाकीट काढलं, काकांच्या डोळ्यांसमोर धरून फोडलं, ब्लेड वस्तऱ्यात बसवून दाखवलं.

काकांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं. मग मान मागे टाकली, गळा वर केला आणि डोळे मिटले.